इंदूमावशी आणि पिवळा दिवा

गेल्या आठवड्यात लोह्याच्या अलीकडं माझ्या गाडीत पिवळा दिवा लागला. इंजिनाचं छोटंसं चित्र असलेला. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहिलो. आत काय असतं ते मला कळत नाही. पण बॉनेट उघडून बघत उभं राहायचं असतं, एवढं कळतं. शेजारच्या हरभऱ्यातून एक गृहस्थ आले, तेही कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही दोघांनी मिळून बराच वेळ इंजिन बघितलं. शेवटी ते म्हणाले, "गरम झालं आसंल." मी म्हणालो, "हाव." बॉनेट लावलं आणि निघालो.

पुढं नांदेड येईपर्यंत तो दिवा समोर जळत होता आणि मला इंदूमावशी आठवत होत्या. त्या असत्या तर मला बाजूच्या सीटवर बसवून म्हणाल्या असत्या, "जावई, दिव्याकडं काय बघून राहिलात? गाडीकडं बघा."

इंदूमावशी म्हणजे माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, सख्ख्या मावशी. लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर म्हणून. उंच, सावळ्या, चालताना टाच वाजवणाऱ्या. आमची पहिली भेट मी वैशालीला बघायला गेलो तेव्हाची. मुलीला प्रश्न विचारायचं काम माझ्या काकांकडं होतं. काकांनी घसा खाकरला, तेवढ्यात आतल्या खोलीतून मावशी आल्या, थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगं चांगलंय. पण रक्त कमी हाय. लग्न करून राहिलात तर करा, आधी शेंगदाणे-गूळ चालू करा."

काकांचे प्रश्न घशातच राहिले. आम्ही मुलगी पसंत करायच्या आत तिकडून माझं निदान होऊन गेलं होतं. लग्नात रुखवतावर पैठणीची बाहुली होती, मण्यांचा ताजमहाल होता आणि मधोमध शेंगदाण्याच्या लाडवांचा एक भलामोठा डबा. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली : रोज एक, जेवणानंतर, नवरदेवासाठी. आमच्याकडच्या बायका ती चिठ्ठी वाचून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मात्र पुढं मुकाट्यानं रोज एक लाडू खाल्ला. रक्ताचं माहीत नाही, पोट तेव्हापासून वाढायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

मावशींच्या जगात दिवसाचे दोन भाग असत : राउंडच्या आधीचा आणि राउंडच्या नंतरचा. सकाळी डॉक्टर वॉर्डात यायच्या आत प्रत्येक पेशंटचं अंग पुसलेलं, केस विंचरलेले, चादर ताणून बसवलेली, कपाळाला ज्याचं त्याचं कुंकू-गंध लावलेलं. "डॉक्टरापुढं पेशंट पारोसा गेला तर ती माझी बेइज्जती," असं त्या म्हणायच्या. नोकरी संपली तरी हा नियम संपला नाही. पंखा दुरुस्त करायला माणूस येणार म्हटलं की आधी पंखा पुसायचा. नळवाला यायच्या आत मोरी घासायची. एकदा लातूरला असताना माझी दाढ ठणकायला लागली. गालाला उशी लावून मी कण्हत होतो. मावशींनी मला आंघोळ करायला लावली, दाढी करायला लावली, इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि मगच दातांच्या डॉक्टरकडं नेलं. मी इतका टवटवीत दिसत होतो की तिथल्या मुलीनं विचारलं, "पेशंट कोण आहे?"

ही गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली. लहानशी, पांढरी, पेट्रोलची. मुलगा मिलिंद पुण्याहून फोनवर ओरडत होता की या वयात आता हे काय नवीन. मावशी ड्रायव्हिंग क्लासला गेल्या. शिकवणारा पोरगा मिलिंदपेक्षा लहान. त्याला त्या सर म्हणायच्या आणि पहिल्याच दिवशी त्याला नखं कापून यायला सांगितलं. क्लासात त्या एक सोडून सगळं शिकल्या. मागं घेणं त्यांना कधीच जमलं नाही. म्हणजे जमायचं, पण पटायचं नाही. गाडी कुठंही अशीच लावायच्या की निघताना सरळ पुढं जाता यावं. त्यासाठी आमच्या नांदेडच्या, तरोड्यातल्या गल्लीला त्या आधी एक पूर्ण वळसा घालायच्या. मावशी आल्या हे आम्हाला दोनदा कळायचं : एकदा दारावरून जाताना आणि एकदा थांबताना. वेग चाळीस. उतारावर बेचाळीस होई, त्याचं त्यांना वाईट वाटे.

गाडीला त्या "ती" म्हणत आणि वॉर्डाच्या भाषेत बोलत. पेट्रोल भरून आल्या की "फीड देऊन आले." सर्व्हिसिंग म्हणजे ड्रेसिंग. चाकातली हवा तपासणं म्हणजे बीपी. आम्ही हसायचो. त्या हसत नसत.

गाडी घेण्यामागं हौस होतीच, पण पुढं तिचं खरं काम ठरलं ते सरूबाईंमुळं.

सरूबाई मावशींच्या वॉर्डातल्या आयाबाई. दोघींची सारी नोकरी एकाच वॉर्डात गेली. मावशींचे यजमान लवकर गेले, मिलिंद तेव्हा लहान. मावशींची ड्यूटी असली की सरूबाई त्याला चादरी ठेवायच्या खोलीत निजवायच्या, दुधात भाकरी कुस्करून चारायच्या. मिलिंद बोलायला लागला तो सरूबाईंच्या बोलीत. पुढं सरूबाई निवृत्त होऊन नळेगावच्या पुढं आपल्या गावी गेल्या आणि काही वर्षांत त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस. जाताना यष्टीनं जाता यायचं, पण परतताना माणसाचं पार चिपाड झालेलं असतं. एकदा परतीच्या वाटेवर सरूबाई यष्टीतच खाली बसल्या. कंडक्टरनं पाणी दिलं, लोकांनी जागा दिली, पण मावशींना ते कळलं त्या दिवसापासून सरूबाई यष्टीत चढल्या नाहीत. मावशी सकाळी लातूरहून निघायच्या, गावातून सरूबाईंना घेऊन यायच्या, डायलिसिस होईपर्यंत बाहेर बाकावर बसायच्या आणि परत सोडायच्या. वाटेत सरूबाईंचे डोळे फिरले तर गाडी कडेला, सीट मागं पाडायची, पाय वर करायचे, हात धरून बसायचं. हे सगळं चाळीसच्या वेगात.

"मावशी, एखादी रिक्षा लावून देऊ का?" मी एकदा विचारलं होतं.

"रिक्षावाला तिचे पाय वर धरील का?"

मी रिक्षाचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि अशात त्या पांढऱ्या गाडीत पिवळा दिवा लागला.

मावशींनी मला फोन केला. त्यांच्या माहेरच्या गोतावळ्यात स्वतःची गाडी असलेला जावई मी एकटाच, त्यामुळं मी तज्ज्ञ. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. गाडी बंद पडल्यानंतरच तिच्याबद्दल मला काही सांगता येतं. मी म्हणालो, "गरम झालं असेल." लातूरच्या मेकॅनिकनं मात्र स्कॅनर जोडून बघितलं आणि सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. सायलेन्सरच्या पाइपात एक नळीसारखा भाग असतो, जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो मोजतो आणि त्यावरून इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरतं.

मावशी खूश झाल्या. "ऑक्सिजन ना? मग सोपं हाय. आपल्यातलाच विषय निघाला."

नवा सेन्सर बसवला. दिवा गेला. पुढच्या खेपेला नळेगावच्या आसपास परत लागला. मेकॅनिकनं स्कॅनरनं तो पुसला, चार दिवसांनी परत हजर. मेकॅनिक म्हणाला, पेट्रोलात भेसळ आहे. मावशींनी पंप बदलला. तो म्हणाला, उंदरांनी वायर खाल्ली असेल. मावशींनी बॉनेटखाली तंबाखूची पुरचुंडी बांधली, ती बँडेजच्या पट्टीनं, इतकी नेटकी की सोडवू नये. दिवा तसाच. शेवटी तो म्हणाला, "बाई, आता गाडी म्हातारी झाली."

"म्हातारी झाली हे निदान न्हाई," मावशी म्हणाल्या, "ते वय हाय." आणि त्याच्याकडं परत गेल्या नाहीत.

मग मी छाती पुढं काढून म्हणालो, माझ्या मेकॅनिककडं आणा. नांदेडच्या प्रत्येक पुरुषाचा एक आपला मेकॅनिक असतो, त्याच्यावर त्याचा देवासारखा विश्वास असतो आणि देवासारखाच तो सहसा भेटत नाही. माझे गफूरभाई. पोट सुटलेलं, दाढीला मेंदी, तोंडाचा पट्टा चालू. आधीच्या मेकॅनिकला नावं ठेवल्याशिवाय त्यांचा पाना हलत नसे.

मावशी गाडी घेऊन आल्या. आदल्या संध्याकाळी आमच्याकडं मुक्काम, सकाळी गाडीला आंघोळ, फडक्यानं कोरडी केली, काचा पुसल्या, मग तरोडा नाक्यापासून लांबचा फेरा मारून तिचं अंग मोकळं केलं आणि मगच गफूरभाईंच्या दारात नेली. गाडी लकाकत होती. गफूरभाई बघतच राहिले.

"मौसी, गाडी दाखवायला आणली की वरातीला?"

"डॉक्टरापुढं आणलीय. तुम्ही बघा."

गफूरभाईंनी खाली वाकून सेन्सर बघितला आणि कपाळाला हात लावला. "ये डुप्लिकेट है. किसने डाला? अरे ऐसा सेन्सर मैं दुश्मनच्या गाडीत पण न्हाई टाकत." त्यांनी ओरिजिनल मागवला, बसवला, स्कॅनर लावला, दिवा गेला. आणि मी बघितलं, मावशींनी पर्समधून बडीशेप काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांच्याकडून मिळणारा हा सर्वात मोठा सन्मान होता.

त्याच दिवशी दुपारी फोन आला. "जावई, तुमच्या भाईंचं ओरिजिनल अहमदपूरपर्यंत टिकलं."

इथपर्यंत ही गंमत होती. नंतर ती राहिली नाही. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती आणि आरटीओकडून तिचं पुन्हा पासिंग करून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी पीयूसी हवी. पीयूसीवाल्यानं नळी लावली आणि मान हलवली. धुरात कार्बन फार. गाडी पेट्रोल नुसती ओतत होती. मागं पाइपाचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. पीयूसी नाही तर पासिंग नाही. पासिंग नाही तर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी लातूरलाच होतो. मावशींनी फोन स्पीकरवर टाकला. त्यांना फोन कानाला लावणं आवडत नसे.

"आई, झालं ना आता? गाडी भंगारात देऊन टाक. नवी मी घेऊ देणार नाही. तुझं वय बघ."

"माझं पासिंग कुणी मागितलं? गाडीचं मागितलंय."

"सरूमावशीला मी गाडी लावून देतो. ड्रायव्हरसकट."

"ड्रायव्हर तिला दारात सोडील. दारातून खाटेपर्यंत कोण नेईल? तिची सून रानात असते."

मिलिंद हळू आवाजात म्हणाला, "पासिंग झालं तर चालव. नाही झालं तर माझं ऐकायचं. शब्द दे."

मावशींनी शब्द दिला. फोन ठेवला आणि त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या भाईंना सांगा, आता शेवटचं बघा म्हणावं." त्यांचा आवाज तसा ठणठणीत होता, पण त्या संध्याकाळी त्यांनी चहात साखर दोनदा टाकली आणि तसाच प्याल्या.

थंडीचे दिवस होते. मावशी पुन्हा आमच्याकडं मुक्कामाला आल्या. सकाळी आठला गाडीची आंघोळ, मग फेरा, मग दहाला गफूरभाई, असं ठरलं होतं. पण त्या दिवशी गफूरभाईंच्या पुतणीचं लग्न निघालं मुदखेडला. गॅरेज बंद. मी सांगितलेलं त्यांच्या मनात राहिलं होतं म्हणून ते सकाळीच, शेरवानीवर स्वेटर घालून, अत्तराच्या वासासकट आमच्या दारात आले. म्हणाले, "सर, जाता जाता पाच मिनिट बघून जातो. चावी द्या."

मावशी न्हाणीघरात होत्या. मी चावी दिली. न्हाणीघरातून आवाज आला, "जावई, कोण आलंय?"

"गफूरभाई आलेत, मावशी. गाडी बघतायत."

आतलं पाणी थांबलं. "हात लावू देऊ नका! अजून पुसली न्हाई तिला!"

तोवर गफूरभाईंनी चावी फिरवली होती. रात्रभर थंडीत गारठलेली गाडी खोकून चालू झाली आणि इंजिनाच्या खालून आवाज यायला लागला : टिक टिक टिक टिक. बारीक, एखाद्यानं नखानं पत्रा वाजवावा तसा. गफूरभाई ताठ झाले. शेरवानी वर खोचून अंगणातल्या फरशीवर गुडघे टेकले, कान खाली नेला.

"सर, ऐकून राहिलात का?"

मी लगेच ऐकल्याचा चेहरा केला.

"इस गाडी का ये आवाज मैंने कभी सुनाच नहीं! सर, मागं जाऊन पाइपावर फडकं दाबा. धूर दुसरीकडून कुठून निघतो बघू."

मी फडकं दाबलं. माझा हात मनगटापर्यंत काळा झाला. तेवढ्यात मावशी ओल्या केसांनी, देवापुढं लावायला वैशालीनं दिलेली उदबत्ती तशीच हातात घेऊन बाहेर धावत आल्या. गफूरभाईंनी वर बघितलं, म्हणाले, "मौसी, माफ करना, जरा द्या," आणि ती उदबत्ती त्यांच्या हातातून घेतली. पुढं इंजिनातून सायलेन्सरचा पाइप जिथं निघतो तिथल्या जोडापाशी धरली. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, तो तिथं आल्यावर एकदम विस्कटला. कुणी फुंकर मारावी तसा. बाजूला काढली की धूर सरळ. परत नेली की विस्कटला.

"मिल गया," गफूरभाई म्हणाले. "जोड फाटलाय. बोल्ट तुटून पडलाय एक."

मग त्यांनी आम्हाला जे सांगितलं त्यातून मला आयुष्यात पहिल्यांदा गाडीबद्दल काहीतरी कळलं. त्या फटीतून धूर झोतानं बाहेर येत होता, दोन झोतांच्या मधे बाहेरची हवा आत शिरत होती आणि सेन्सरच्या पुढ्यात जात होती. सेन्सर म्हणायचा, ऑक्सिजन फार आहे. त्यावरून इंजिन समजायचं की पेट्रोल कमी पडतंय, आणि अजून ओतायचं. जुना सेन्सर, डुप्लिकेट सेन्सर, ओरिजिनल सेन्सर, तिघांनीही खरं तेच सांगितलं होतं. आम्ही एकेकाला काढून फेकत बसलो.

"पण मग तुम्हाला मागच्या वेळी कसं दिसलं न्हाई?" मावशींनी विचारलं.

गफूरभाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि मधेच हात वर केला. "ऐका." इंजिन आता तापलं होतं. टिकटिक बारीक होत होत बंद झाली. उदबत्तीचा धूरही जवळजवळ सरळ झाला. लोखंड तापून फुगलं होतं आणि फट मिटली होती, पुरती नव्हे, पण आवाज मरेल इतकी.

"मौसी, तुम्ही गाडी माझ्याकडं आणता तवा कशी आणता?"

"कशी म्हणजे? पुसून. फिरवून. अंग मोकळं करून."

"मंजे गरम."

"तर काय पारोशी आणू?"

गफूरभाईंनी हात जोडले. "मौसी, बीमारी सकाळी हाय. तुम्ही ती घरी ठेवून येता आणि मला तब्येत दाखवता."

मला वाटलं आता मावशी त्यांना झाडतील. त्या पायरीवर बसल्या. केसांतून पाणी गळत होतं, वैशालीनं टॉवेल आणून डोक्यावर टाकला तरी त्यांनी तो पुसायला हात उचलला नाही. मग, कुणाला उद्देशून नाही असं, त्या बोलायला लागल्या.

"नवी लागले होते मी नोकरीला. एक म्हातारबाबा होते वॉर्डात, हदगावकडचे. पहाटं ताप भरायचा त्यांना, अंग फणफणायचं. मी राउंडच्या आधी गार पाण्यानं अंग पुसून काढायची. डॉक्टर यायचे, हात लावून बघायचे, ताप न्हाई. मी म्हणायची, पहाटं होता साहेब. ते म्हणायचे, आता कुठं हाय? रोज असंच. बाबांचं गाठोडं बांधून घरी पाठवायला निघाले होते. सरूनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, सिस्टर, एक दिवस त्यांना पुसू नका. मी लई रागावले तिच्यावर. ड्यूटी शिकवून राहिली का म्हणून."

"मग?" वैशालीनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सरूनं पुसलं न्हाई. डॉक्टरांनी हात लावला आन चटका बसल्यासारखा मागं घेतला. बाबा वाचले." त्या थांबल्या. "मला वाटलं, शिकले मी त्याच्यातून."

गफूरभाई उठले, गुडघे झटकले. स्वच्छ शेरवानीवर दोन्ही गुडघ्यांना काळे गोल उमटले होते. "चला मौसी. निकाह जोहर की नमाज के बाद है, दोपहर को." त्यांनी गॅरेज उघडलं, तुटका बोल्ट काढला, जोडाची गॅस्केट बदलली आणि तसल्याच गुडघ्यांनी मुदखेडला गेले. पुढं ते सांगत होते की लग्नातले सगळे फोटो त्यांनी बसून काढून घेतले, मांडीवर कुणा ना कुणाचं पोर घेऊन.

दिवा गेला तो गेला. पीयूसी मिळाली. पासिंगच्या दिवशी मावशींनी मला मुद्दाम लातूरला बोलावून घेतलं. आरटीओच्या मैदानात मी त्यांची गाडी शोधत होतो आणि ती मला सापडेना, कारण मी पांढरी गाडी शोधत होतो. समोर उभी होती ती मातकट होती. दारावर चिखल, काचेवर पाखरांची कामगिरी. मावशी शेजारी ताठ उभ्या, इस्त्रीच्या साडीत.

तपासणारे साहेब आले. गाडीभोवती फिरले. "बाई, गाडी धुऊन तरी आणायची."

"मुद्दाम धुतली न्हाई साहेब. हाय तशी बघा. पहाटं आणून उभी केलीय, तेव्हापासून चालू पण केली न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी कमरेवर हात ठेवून इंजिन बघत असल्यासारखं केलं.

"ते सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण नंबर दिसत नाही. प्लेट पुसा."

मावशींनी पदराच्या टोकानं नंबर प्लेट पुसली, तेवढीच. गाडी पास झाली, पाच वर्षांसाठी. मिलिंदला फोन केला, स्पीकरवर. तो म्हणाला, "बरं. सरूमावशीला सांग, पुढच्या महिन्यात येतो तेव्हा मीच चालवीन." मावशी म्हणाल्या, "तू लई जोरात चालवतो. तिला झेपायचं न्हाई."

त्यानंतर त्यांच्यात एक फरक पडला, तो मला सरूबाईंच्या सुनेकडून कळला. पूर्वी गाडी यायच्या वेळेला सरूबाई पायरीवर बसलेल्या असायच्या. केस विंचरलेले, कुंकू लावलेलं, हातात पिशवी. मावशी विचारायच्या, "कशी हायेस?" सरूबाई म्हणायच्या, "झ्याक." आता मावशी न सांगता लवकर जायला लागल्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा सरूबाई खाटेवर होत्या, पाय सुजून खांब झालेले, आणि सून त्यांना दोन्ही हातांनी उचलून पायरीवर आणून बसवायच्या तयारीत होती. सरूबाई लाजल्या. म्हणाल्या, "सिस्टर, आजून येणीफणी न्हाई झाली वो." मावशी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी यायच्या आधी करत जाऊ नको. मी आल्यावर मी करीन." त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सुजेचं नीट सांगितलं, औषधं बदलली, आणि म्हणे पुढच्या पावसाळ्यापासून सरूबाई पुन्हा दारापर्यंत स्वतः चालत यायला लागल्या होत्या.

सरूबाई पुढं दोन-अडीच वर्षांनी गेल्या. तोवर त्यांची डायलिसिसची एकही खेप चुकली नाही. मावशींनी नंतर गाडी चालवणं कमी केलं आणि एका उन्हाळ्यात, कुणाला काही करायची संधी न देता, त्याही गेल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा मिलिंद अंगणात त्या गाडीजवळ उभा होता.

पण मी त्यांना शेवटचं म्हणून आठवतो ते त्या दिवशीचं नाही.

सरूबाई असतानाच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. उदगीरला एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं, मी लातूरहून यष्टीनं निघालो होतो. नळेगावच्या फाट्यावर यष्टी थांबली, मी चहा प्यायला उतरलो. उसाचे दिवस. फाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, प्रत्येकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, आणि पुढच्या ट्रॅक्टरवर टेप असा लावलेला की टपरीवरच्या काचेच्या बरण्या थरथरत होत्या. त्या रांगेत, ट्रॅक्टरच्या अगदी शेजारी, ती पांढरी गाडी येऊन अडकली. मी हात वर केला.

मावशींनी मला बघितलं नाही. बाजूच्या सीटवर सरूबाई होत्या, सीट मागं पाडलेली, मान कलंडलेली, तोंड थोडं उघडं, गाढ झोपलेल्या. मावशींनी काच खाली केली. ट्रॅक्टरवाला पोरगा वरून बघायला लागला, वाटलं असेल की म्हातारी आता भांडणार. मावशींनी त्याच्याकडं बघत ओठांवर बोट ठेवलं.

पोरानं आत झोपलेल्या सरूबाईंकडं बघितलं आणि टेप बंद केला. मग काय झालं कुणास ठाऊक, मागच्या ट्रॅक्टरवाल्यानंही इंजिन बंद केलं. फाट्यावर क्षणभर काहीच आवाज नव्हता. टपरीवाल्यानं माझ्या पेल्यात चहा ओतला तोही हळूच. रस्ता मोकळा झाला तशी पांढरी गाडी सरळ पुढं निघाली, चाळीसच्या वेगात, आणि उसाची सगळी रांग तिच्यामागं तशीच चालत राहिली. कुणीही तिला मागं टाकलं नाही.

मी हात खाली घेतला.